रात्रीचे नऊ, पण कुणाचे?

(मालवण येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पुढे कॉलेजची मुलं बसलीत, मागच्या रांगांत त्यांचे आईवडील, आणि मला दोघांनाही सांभाळून बोलायचंय. आईवडिलांना आधीच सांगतो, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांबद्दल मी बोलणार नाही. बोलायचंय ते देशोदेशीच्या आपल्या खेळाडूंची ऑनलाइन स्पर्धा कुठल्या वेळी आणि कुठल्या गटांत खेळवायची, यावर. पैशांच्या खेळांवर केंद्राने ऑगस्ट 2025 मध्ये कायदा करून बंदी आणली. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायच्या व्हिडिओ गेम्सना, मात्र वेगळं काढून मान्यता दिली. आपण त्या मान्य बाजूचे लोक.

आमच्या मंडळात दोन तऱ्हेचे खेळ चालतात: ऑनलाइन बुद्धिबळ आणि फोन-कॉम्प्युटरवरचे नेमबाजीचे. सुरुवात लॉकडाऊनमध्ये झाली. आधी देवगड, मालवण, वेंगुर्ल्याची पोरं. मग त्यांचे मुंबईतले भाऊ, मग मस्कत-कुवेतचे काका, न्यूजर्सीतली एखादी मावशी, ऑकलंडला शिकायला गेलेला कोणी. कोकणी माणूस पोटापाण्यासाठी कुठे जाणार नाही? तो गेला तिथून खेळायला बसला आणि वेळापत्रक आखणाऱ्याची झोप गेली.

आपण म्हणतो, "रविवारी रात्री नऊ." उन्हाळ्यातला हिशेब धरा. मालवणात नऊ वाजले की मस्कतला साडेसात, कुवेतला साडेसहा, लंडनला दुपारचे साडेचार, न्यूजर्सीत सकाळचे साडेअकरा. आणि ऑकलंडच्या मुलाकडे सोमवारची पहाट, साडेतीन. तो तरीही येतो, पहिल्या दोन फेऱ्या चांगला खेळतो आणि तिसऱ्या फेरीत वजीर फुकट देतो. त्याचा वजीर झोपेने खाल्ला.

मग सगळे म्हणतात, विभाग पाडा. पाडूया. पण कशावरून पाडायचे? इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक, माणूस जागा आहे का. दोन, त्याचा फोन किंवा कॉम्प्युटर सर्व्हरपासून, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मधल्या कॉम्प्युटरपासून, किती लांब आहे. पहिली घड्याळाची गोष्ट, दुसरी अंतराची. जोहान्सबर्गला आणि कैरोला हिवाळ्यात एकच वेळ असते, पण मध्ये अख्खा आफ्रिका खंड आहे.

अंतराचं थोडं समजून घेऊ. काचेच्या केबलमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे हजार किलोमीटर जाऊन परत यायला किमान 10 मिलिसेकंद. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत 3,900 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पिंग, सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचा वेळ, साधारण 39 मिलिसेकंदांच्या खाली जाणारच नाही, कितीही महागडं कनेक्शन घ्या. आणि केबल सरळ रेषेत नसते, त्यामुळे प्रत्यक्षात साठ-सत्तर दिसतो. फ्रँकफर्टला शंभराच्या वर. वॅलरंटसारख्या नेमबाजीच्या खेळात सर्व्हर सेकंदाला 128 वेळा परिस्थिती तपासतो, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांनी. भिंतीच्या कोपऱ्यावरून एक जण बाहेर डोकावतो आणि दुसरा त्याची वाट बघत उभा असतो. एकाचा पिंग वीस आणि दुसऱ्याचा सव्वाशे असेल तर दुसऱ्याला वाटतं आपण वेळेत ट्रिगर दाबला, पण सर्व्हरच्या हिशेबी तो आधीच मेलेला असतो. मग "चीटिंग, चीटिंग" म्हणून ग्रुपवर रात्रभर धुरळा. त्यात चीटिंग नसतं, भूगोल असतो.

आणि हा भूगोल बदलतोही. सप्टेंबर 2025 मध्ये लाल समुद्रात, जेद्दाजवळ, केबली तुटल्या तेव्हा भारत आणि युरोपच्या मधली वाहतूक लांबच्या वाटेने वळली. आदल्या दिवशी बरा असलेला पिंग दुसऱ्या दिवशी खेळण्यालायक राहिला नाही. विभाग एकदा आखले की कायमचे आखले, असं यात नसतं.

बुद्धिबळाला पिंगचं फारसं सोयरसुतक नाही. शंभर मिलिसेकंद इकडे-तिकडे झाले म्हणून घोडा वाकडा जात नाही. तिथे फक्त घड्याळ महत्त्वाचं. 2020 च्या ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये गट पाडताना देशांच्या वेळांचा विचार झाला होता. भारताच्या गटात चीन, मंगोलिया, व्हिएतनाम, इराण अशी मंडळी होती. चेस डॉट कॉमची टायटल्ड ट्यूजडे ही ग्रँडमास्टरसारखे किताब मिळवलेल्या खेळाडूंची स्पर्धा 2022 पासून काही वर्षे दर मंगळवारी दोनदा व्हायची. पहिली आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेआठला, दुसरी रात्री अडीचला. नावाला दोन स्पर्धा जगासाठी खुल्या. नागपूरच्या पोराला खरी एकच.

त्याच ऑलिंपियाडची आणखी एक गोष्ट नियम लिहिणाऱ्याने लक्षात ठेवावी. 30 ऑगस्टला भारत-रशिया अंतिम सामना. कप्तान नाशिकचा विदित गुजराथी. निर्णायक फेरीत निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख या दोघांचं कनेक्शन तुटलं आणि घड्याळातली वेळ संपून ते हरले. इंटरनेटचा तो घोळ जगभरचा होता, म्हणून फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, सुवर्ण दोन्ही देशांना विभागून दिलं. आपण आनंदाने नाचलो. पण उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाच्या खेळाडूचं कनेक्शन गेलं होतं, त्यांचं अपील फेटाळलं गेलं, त्यांनी माघार घेतली आणि पुढे गेलो आपण. हे आपल्याला तितकंसं आठवत नाही. आमचा नियम त्यावरूनच आलाय: सर्व्हर पडला तर डाव पुन्हा, तुमच्या घरची लाईट गेली तर घड्याळ चालू. जुलैत आमच्याकडे लाईट जाते म्हणून मी नियम सैल केला, तर हरायला आलेल्या प्रत्येकाच्या घरची लाईट जाईल.

तर आम्ही बुद्धिबळाचे विभाग घड्याळावर पाडले आणि नेमबाजीचे सर्व्हरवर. त्यामुळे एकच माणूस दोन खेळांत दोन वेगळ्या गटांत पडतो, आणि हे लोकांना पटवणं सगळ्यात कठीण. त्यातही आम्ही राहतं ठिकाण बघतो, गाव बघत नाही. एक आजोबा मला म्हणाले, "आमचो झील वेंगुर्ल्याचो, तेका दुबयच्या गटात कित्याक घातलास?" आजोबा, तो दुबईत झोपतो आणि दुबईतून खेळतो म्हणून. काही विभाग तर आपल्या हातातच नाहीत. पबजी मोबाइलवर 2 सप्टेंबर 2020 ला बंदी आली, 2021 मध्ये त्याचाच भारतीय अवतार बीजीएमआय आला, तो फक्त भारतापुरता. म्हणजे मालवणचा भाऊ आणि कुवेतचा भाऊ एका लॉबीत बसूच शकत नाहीत. ती भिंत आम्ही घातलेली नाही.

आखाताबद्दल जरा जास्त बोलतो, कारण तिथे घड्याळापेक्षा वार आडवा येतो. कुवेत, सौदी, कतार, ओमानात सुट्टी शुक्रवार-शनिवारची. अमिरातीने जानेवारी 2022 पासून शनिवार-रविवार केली, शुक्रवार अर्धा दिवस. कुवेतचा एक खेळाडू वैतागून बोलला, "आयतवारी माका ड्युटी. सुट्टी शुक्रवारी. मगे मी खेळू कधी?" त्याचं बरोबर होतं. आखाताचा गट आता शुक्रवारी संध्याकाळी खेळतो. पुण्या-मुंबईचे लोक विचारतात, शुक्रवार कसला? त्यांना सांगतो, तुम्हाला बोलावलेलंच नाही.

आपलं घड्याळ वर्षभर हलत नाही, पण दुसऱ्यांची हलतात. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी न्यूझीलंड, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोप, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिका. गणपती आटोपल्यावर सुरू केलेल्या लीगला हे तिन्ही धक्के बसतात. म्हणून वेळ जाहीर करताना भारतीय वेळ आणि जागतिक प्रमाणवेळ, दोन्ही लिहा. आणि "शनिवारी रात्री एक वाजता" असं कधीही लिहू नका. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे आजी म्हणते ती शनिवारची रात्र. मोबाइल म्हणतो रविवार. आणि निम्मे लोक एक दिवस उशिरा हजर! बाकी वेळ कुणाची हे भांडण जुनंच. भारतीय प्रमाणवेळ 1906 मध्ये आली तरी मुंबईने आपली 39 मिनिटं मागची वेळ 1955 पर्यंत सोडली नव्हती.

उरले जहाजावरचे. त्यांना कुठल्या विभागात घालणार? जहाज पूर्वेकडे चाललं की घड्याळ तासाने पुढे, पश्चिमेला चाललं की मागे, आणि ड्युटी चार तास कामाची, आठ तास सुट्टीची. त्यांच्यासाठी आम्ही विभागच सोडले. दोघांनी आठवड्याभरात आपसात वेळ ठरवून बुद्धिबळाचा डाव उरकायचा; जमलं नाही तर आम्ही दिलेली एक वेळ दोघांवर बंधनकारक. ती नसेल तर "मी मेसेज केला होता", "मला दिसलाच नाही" हे महिनाभर चालतं. या पद्धतीला प्रेक्षक मिळत नाहीत, हा तोटा आहेच.

मोठा तोटा वेगळाच. विभाग पाडले की कमकुवत गटाचा विजेता आणि तगड्या गटातला पाचवा, यांत कोण वरचढ हे कळत नाही. खेळाडूंच्या संख्येवर जागा वाटल्या तर अंतिम फेरीत सगळे सिंधुदुर्ग-मुंबईचेच. सारख्या वाटल्या तर ऑकलंडकडच्या पूर्वेच्या गटातले चार जण बसल्या बसल्या पात्र. आम्ही प्रत्येक गटाला एक जागा हक्काची देतो, बाकीच्या संख्येवर. यावर दोन्हीकडून शिव्या पडतात, म्हणजे वाटणी फारशी एकांगी नसावी. मोठ्यांचंही निभत नाही. वॅलरंटच्या कंपनीने 2023 मध्ये जगाच्या तीन मोठ्या लीग केल्या, तेव्हा भारताचा संघ पॅसिफिक लीगमध्ये गेला आणि सामने झाले दक्षिण कोरियातल्या सोल शहरात. कोरिया-जपानसारख्यांच्या पंगतीला बसायला मिळालं, हरायलाही भरपूर मिळालं. माझ्या मते ते चांगलंच झालं. विभाग आरामासाठी नसतात. सुरुवातीच्या फेऱ्यांत माणूस जागेपणी खेळावा, एवढंच त्यांचं काम. अंतिम फेरीला सगळे एकत्र यायलाच हवेत, आणि तेव्हा कुणाची तरी झोप जाणार.

ती दर वेळी ऑकलंडच्याच मुलाची जाऊ नये, म्हणून अंतिम फेरीची वेळ फिरती ठेवलीय. गेल्या वेळी रात्री नऊ होती. या वेळी सकाळी साडेसहा: ऑकलंडला दुपार, न्यूजर्सीत आदली रात्र. मालवणातल्या खेळाडूंनी गजर लावायचा, आणि कुवेतच्यांनी पहाटे चारला उठायचं. कुवेतवाल्यांचा निषेधाचा मेसेज आलाय, मी तो वाचलाय, वेळ बदलणार नाही. पुढच्या वेळी त्यांची संध्याकाळ धरू. आता प्रश्न विचारा, मागच्या रांगेतून आधी.