डिपॉझिट म्हणजे इसार की अनामत? क्रूझवरच्या पैशांबद्दल थोडं

नमस्कार मंडळी. आज क्रूझबद्दल बोलायचंय, पण समुद्र, डेक, सूर्यास्त हे सगळं बाजूला ठेवून फक्त पैशांबद्दल, कारण क्रूझवर गेलेल्या माणसांशी बोललं ना की समुद्राबद्दल दोन वाक्यं होतात आणि मग अर्धा तास बिलाबद्दल चालतं. माझंही तसंच झालंय, म्हणून तर बोलायला बसलेय.

आधी एक शब्द सोडवून घेऊ. डिपॉझिट. आपल्या मराठीत यासाठी खरं तर दोन वेगळे शब्द आहेत बघा. एक इसार, म्हणजे सौदा पक्का करताना हातावर ठेवलेली रक्कम, आपण मागे फिरलो तर ती गेली. आणि दुसरी अनामत, म्हणजे कोणाकडे तरी सांभाळायला ठेवलेले पैसे, ते परत मिळायचेच असतात. क्रूझच्या कागदावर दोन्हीला डिपॉझिटच लिहिलेलं असतं आणि गडबड तिथूनच सुरू होते. म्हणून बुकिंगच्या वेळी मी आता पहिला प्रश्न हाच विचारते, हा इसार आहे का अनामत, म्हणजे अर्थातच त्यांच्या भाषेत, रिफंडेबल की नॉन-रिफंडेबल. नॉन-रिफंडेबल भाडं थोडं स्वस्त दाखवतात आणि स्क्रीनवर बहुतेक तेच आधी दिसतं, मग आपण पटकन तेच घेतो. आणि सहा महिन्यांनी सुट्टी मंजूर झाली नाही किंवा घरात कोणी आजारी पडलं की तारीख बदलायची म्हटलं तरी माणशी दंड पडतो. ज्यांची तारीख पक्की आहे त्यांनी खुशाल स्वस्तातलं घ्यावं, पण घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर चार पैसे जास्त गेले तरी रिफंडेबलच घ्या असं मी अगदी मनापासून सांगेन.

डिपॉझिट भरलं की उरलेले पैसे कधी भरायचे ती एक तारीख असते, फायनल पेमेंटची. साधारण जहाज सुटायच्या ७५ ते १२० दिवस आधी, छोट्या ट्रिपला कमी दिवस, लांबच्या ट्रिपला जास्त. ही तारीख लग्नाच्या मुहूर्तासारखी लिहून ठेवा, कारण तोपर्यंत रिफंडेबल डिपॉझिट पूर्ण परत मिळू शकतं आणि त्यानंतर कॅन्सल केलं की टप्प्याटप्प्याने कापत जातात, आधी डिपॉझिट, मग निम्मं भाडं, मग त्याहून जास्त आणि शेवटच्या दोन-चार आठवड्यांत बऱ्याच कंपन्या भाड्यातलं काहीच देत नाहीत. तेव्हासुद्धा सरकारी कर आणि पोर्टची फी मात्र बहुतेक वेळा परत मिळते, फक्त मागायची आठवण पाहिजे. आणि एजंटकडून बुकिंग केलं असेल तर एजंटची तारीख कंपनीच्या तारखेच्या आधीची असते, कॅन्सलेशनची त्याची वेगळी फी पण असू शकते, ते दोन्ही लेखी घ्या.

अजून एक, ह्याच तारखेच्या आधी अधूनमधून आपल्याच ट्रिपचं भाडं परत बघत जा. कमी झालं असेल तर बऱ्याच कंपन्या नवीन भाडं लावून देतात, पण आपण विचारलं तर, स्वतःहून कोणी फोन करून सांगत नाही. आणि एका केबिनमधल्या दोघांपैकी एकाचंच जायचं रद्द झालं तर अर्धे पैसे परत येतील असं धरून चालू नका हं. भाडं दोघांच्या हिशोबाने लावलेलं असतं, मग राहिलेल्या एकट्याला जवळपास पूर्ण केबिनचा भार उचलायला लागू शकतो.

आता कंपनीनेच ट्रिप रद्द केली तर? अमेरिकेतल्या बंदरांतून प्रवासी घेणाऱ्या, ५० किंवा त्याहून जास्त जणांची झोपायची सोय असलेल्या जहाजांना १९६६ पासून तिथल्या कायद्याने असं बांधून घेतलंय की ट्रिप झाली नाही तर प्रवाशांचे पैसे परत द्यायची ऐपत आहे हे आधी दाखवायला लागतं, फेडरल मेरिटाइम कमिशन ही तिथली सरकारी संस्था ते बघते. कोविडमध्ये लोकांचे पैसे अडकले, परताव्याऐवजी पुढच्या ट्रिपचे क्रेडिट पुढे केले गेले, त्यानंतर २०२२ मध्ये नियम नीट स्पष्ट झाला की ट्रिप रद्द झाली किंवा सुटायला ३ दिवस किंवा जास्त उशीर झाला आणि प्रवाशाला पर्यायी ट्रिप नको असेल तर तो परतावा मागू शकतो. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट कायद्याचं कलम ७५ आहे, १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पौंडांपर्यंतची वस्तू किंवा सेवा क्रेडिट कार्डने घेतली तर विकणाऱ्याबरोबर कार्ड कंपनीही जबाबदार धरली जाते. हे डेबिट कार्डला लागू नाही. आणि डेबिट कार्डवरून मी आता माझ्या मुद्द्यावरच येते.

जहाजावर रोख चालत नाही, म्हणजे कॅसिनो वगैरे सोडलं तर. चढताना एक कार्ड देतात, कुठे मनगटात घालायचा बँड असतो, तेच केबिनची किल्ली आणि तेच पाकीट. ज्यूस घेतला, टॅप केलं. फोटो काढला, टॅप केलं. हे सगळं तुमच्या नावाच्या एका खात्यावर चढत जातं, फोलिओ म्हणतात त्याला, अगदी वाण्याकडच्या उधारीच्या वहीसारखं. फक्त ही वही दुसऱ्याच्या हातात असते, आणि ती बघायची तसदी आपण घेतली तरच दिसते.

तर चेक-इनला ते विचारतात की खात्याला कुठलं कार्ड जोडायचं. मी पहिल्या ट्रिपला डेबिट कार्ड दिलं. क्रेडिट कार्ड होतं पर्समध्ये, पण मला वाटलं की खात्यात पैसे आहेत, तेवढेच खर्च होतील, उगाच कर्ज नको. तिसऱ्या दिवशी एका बंदरावर उतरलो, आई बरोबर होती, टॅक्सीवाल्याला रोख पाहिजे होती म्हणून एटीएमला गेले तर स्क्रीनवर बॅलन्स अपुरा. परत टाकलं, परत तेच. ऊन डोक्यावर, आई शेजारी पाण्याची बाटली घेऊन उभी, ती म्हणते अगं मशीन बिघडलं असेल, दुसरीकडे बघ. दुसरीकडे पण तेच. मग आईने तिच्या पर्सच्या आतल्या चेनच्या कप्प्यातून रुमालात बांधलेल्या नोटा काढल्या, त्यावर आमचा तो दिवस निघाला.

झालं होतं असं की जहाजाने माझ्या खात्यात आधीच एक रक्कम ब्लॉक करून ठेवली होती. प्री-ऑथरायझेशन म्हणतात. आमचा खर्च तेवढ्या रकमेजवळ गेला की अजून एक ब्लॉक पडायचा, त्यावर अजून एक. क्रेडिट कार्डवर हे झालं तर लिमिट तेवढं कमी होतं, बस. पण डेबिट कार्डवर ते तुमचे खरे पैसे असतात, खात्यात दिसतात पण काढता येत नाहीत. ना इसार ना अनामत, आपले असून आपले नाहीत. आणि शेवटच्या दिवशी खरं बिल वेगळं कापलं जातं, आधीचे ब्लॉक लगेच सुटतीलच असं नाही, ते बँकेवर असतं, काही दिवस लागतात, कधी कधी आठवडा-दोन आठवडे. म्हणजे तेवढा काळ एकाच खर्चाचे दुप्पट पैसे अडकलेले. ज्यांच्या त्या खात्यातून हप्ता जातो त्यांचा तर हप्ताच बाउन्स होईल. मला त्या काउंटरवर हे एका वाक्यात कोणी सांगितलं असतं तर आईवर रुमाल सोडायची वेळ आली नसती, आणि म्हणूनच मी हे भेटेल त्याला सांगत असते.

कार्ड नकोच असेल तर रोख अनामत ठेवायची सोय बहुतेक जहाजांवर असते, गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर. नोटा द्यायच्या, पावती घ्यायची, खर्च त्यातून वजा होत जातो, संपले की कार्ड चालायचं थांबतं, मग परत भरायचे. पुढच्या ट्रिपला आईचं खातं आम्ही असंच वेगळं उघडलं आणि तिला ते फार आवडलं, रोज संध्याकाळी काउंटरवर जाऊन किती राहिले विचारून यायची, पावतीच्या मागे पेनाने लिहायची. उरलेले पैसे कधी आणि कसे परत देणार, रोख की अजून कसे, हे मात्र पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

आता खात्यावर काय काय चढतं ते. सगळ्यात मोठं म्हणजे ग्रॅच्युइटी, स्टाफची टिप. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत ती आपोआप लागते, माणशी दर दिवशी, साधारण १६ ते २० डॉलर, लहान मुलांनाही बहुतेक ठिकाणी तेवढीच. चौघांचं कुटुंब, सात रात्री, धरा १८ डॉलर, ५०४ डॉलर झाले की हो, आणि हे आपण बजेटमध्ये धरलेलंच नसतं. आधी भरून टाकता येते, मी तसंच करते. बारमध्ये प्रत्येक ड्रिंकवर १८ ते २० टक्के सर्व्हिस चार्ज वेगळा लागतो, आणि तो लागूनसुद्धा सहीच्या स्लिपवर टिपसाठी अजून एक रिकामी ओळ असते, ती भरायलाच पाहिजे असं नाही, रेघ मारा आणि सही करा. कॅसिनोत केबिनच्या खात्यावर पैसे उचलले तर काही जहाजांवर ३ ते ५ टक्के फी लागते. मुलांच्या कार्डवर खर्च बंद करता येतो किंवा मर्यादा घालता येते, हे पहिल्या दिवशीच करून घ्या, कारण गेमिंग झोनमध्ये टॅप करायला मुलांना काहीच वाटत नाही.

डॉक्टरचं बिल पण ह्याच खात्यावर येतं, आणि ते मोठं असू शकतं. विमा असला तरी जहाजावर बहुतेक आधी आपणच भरायचे आणि घरी येऊन क्लेम करायचा असं असतं, त्यामुळे उतरण्याआधी औषधासकट तपशीलवार बिल आणि डॉक्टरचा रिपोर्ट दोन्ही मागून घ्या, नुसत्या फोलिओवरची एक ओळ विमा कंपनीला पुरत नाही.

कोणी ऑनबोर्ड क्रेडिट दिलं असेल, म्हणजे कंपनीकडून किंवा एजंटकडून भेट म्हणून खात्यात जमा, तर ते उरलं तर परत मिळणारं आहे का, हे विचारा. बहुतेक भेटीचं क्रेडिट वापरलं नाही तर बुडतं, मग शेवटच्या संध्याकाळी लोक दुकानात नको ते विकत घेत फिरतात. त्यापेक्षा ग्रॅच्युइटी त्यातून वळती होते का ते आधीच बघा, काही ठिकाणी होते. आणि खातं डॉलरमध्ये किंवा युरोमध्ये असेल आणि तुमचं कार्ड दुसऱ्या चलनाचं, तर कंपनी स्वतःच्या दराने रूपांतर करून बिल लावत नाही ना हे विचारा, जहाजाच्याच चलनात बिल लावा म्हणून सांगा, बहुतेक वेळा ते स्वस्त पडतं.

हे सगळं लक्षात राहिलं नाही तरी एक करा, रोज रात्री झोपायच्या आधी खातं उघडून बघा, ॲपवर, केबिनच्या टीव्हीवर किंवा काउंटरवर. दोन मिनिटं लागतात. आमच्या बिलात एकदा शेजारच्या केबिनच्या दोन कॉफ्या आणि एक मसाज आला होता, दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर मी एकटीच उभी होते, त्या मुलीने सही ताडून बघितली आणि पाच मिनिटांत काढून टाकला. तेच मी शेवटच्या रात्री गेले असते तर? शेवटच्या रात्रीची ती रांग मी बघितलीय, लिफ्टच्या पुढे वळून जिन्यापर्यंत, प्रत्येकाच्या हातात दाराखालून सरकवलेला कागद, बॅगा बाहेर काढायची वेळ झालेली, लहान मुलं फरशीवर झोपलेली. आणि तो कागद छापल्यानंतर तुम्ही काही घेतलं असेल तर ते त्यात नसतं, मागाहून चढतं, म्हणून सकाळी उतरायच्या आधी एकदा परत बघा, फोनवर फोटो काढून ठेवा.

घरी आल्यावर तो फोलिओ फेकू नका, बँकेचं स्टेटमेंट येईपर्यंत ठेवा आणि दोन्ही शेजारी ठेवून ओळ न ओळ लावून बघा, ब्लॉक कुठले सुटले, खरं बिल कुठलं. नसेल सुटला तर बँकेला फोन करा, फोलिओ हातात धरूनच, कारण ते पहिली गोष्ट फायनल रक्कम विचारतात. माझा शेवटचा ब्लॉक अकराव्या दिवशी सुटला, आणि त्या दिवशी मी आधी आईच्या नोटा मोजून परत तिच्या रुमालात बांधून दिल्या. नमस्कार.