मधाची बाटली

श्रोतेहो, नमस्कार. तालुक्याच्या गावी मी 31 वर्षं लॅब चालवली. आज बोलायचंय लघवीच्या तपासणीबद्दल. पानावर बसला असाल तर जेवण उरकून घ्या, मी थांबतो.

होळीचा दिवस होता. आमच्या गावच्या निवृत्त हेडमास्तरांचं, अण्णांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. म्हणून काकू सकाळीच बाटली घेऊन आल्या, वर्तमानपत्रात गुंडाळून, वरून पदर घेऊन. आपल्याकडे दारूची बाटली लोक उघडी नेतात, लघवीची मात्र लपवून. असो.

तेव्हा आमच्याकडे लघवीतली साखर बघायला बेनेडिक्टचं निळं द्रावण वापरत. अमेरिकेच्या स्टॅन्ली बेनेडिक्टनं ते 1908 च्या सुमारास काढलं. त्यातला निळा रंग मोरचुदाचा. हो, तोच, द्राक्षबागेत फवारतात तो. टेस्ट ट्यूबमध्ये 5 मिली द्रावण, त्यात लघवीचे 8 थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर दोन मिनिटं उकळायचं. साखर नसेल तर निळं ते निळंच. असेल तर हिरवं, मग पिवळं, नारिंगी, आणि फारच असेल तर विटकरी.

अण्णांची ट्यूब विटकरी झाली. अगदी भट्टीतून काढलेल्या विटेसारखी.

मी रिपोर्ट लिहून दिला. ऑपरेशन पुढे ढकललं. आणि दुपारी, भर होळीच्या दिवशी, अण्णांच्या पानातली पुरणपोळी उचलली गेली. (गुळाची पोळी चालेल, गुळात साखर कुठे असते, असं सांगणारे शेजारी होतेच. असे शेजारी अजून आहेत. गुळाचा चहा पिऊन डायबेटिस पाळतात!)

संध्याकाळी टेबल पुसायला गेलो तर मुंग्यांची रांग. गंमत बघा, सकाळी टेबलावर दोन थेंब सांडले होते, त्यांच्याकडे एकही मुंगी नव्हती. सगळ्या बाटलीच्या गळ्याशी, झाकणाच्या आट्यांत. मी झाकण फिरवलं, तर आतून चिकट. मध! काकूंनी मधाची बाटली नुसती विसळून दिली होती.

आता मुंग्यांची ही परीक्षा काही माझी नव्हे. प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेहासारख्या आजाराच्या, रोग्याच्या अंगाकडे आणि लघवीकडे भुंगे, मुंग्या धावतात, हे चरकसंहितेत लिहून ठेवलंय. इंग्लंडमध्ये टॉमस विलिसनं 1674 साली लिहिलं की अशी लघवी मधासारखी गोड लागते. लागते म्हणजे, चाखून बघितली! पुढे 1776 साली लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सननं ती आटवली, तळाशी पांढरा खडा राहिला, त्यानं तोही चाखला. साखरच. मुंग्या, जीभ, मग मोरचूद. आणि 1956 साली अमेरिकेत हेलन आणि आल्फ्रेड फ्री या जोडप्यानं बुडवून बघायची कागदी पट्टी आणली, तेव्हा कुठे दिवा विझला.

मी तसाच अण्णांकडे गेलो, आमची कोरी बाटली घेऊन. परत तपासलं. निळं! अगदी निळं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उत्तर तपासण्याआधी पाटी पुसली होती का?" मी काय बोलणार? त्यांनी तिथंच पोळी मागितली, दोन खाल्ल्या.

तेव्हा ऐका. बाटली लॅबमधूनच न्या. पुन्हा सांगतो, बाटली लॅबमधूनच न्या. जॅमची नको, लोणच्याची नको, मधाची तर नकोच. सकाळची पहिली लघवी घ्या, सुरुवातीची धार सोडून मधली. आणि तासा-दोन तासांत पोचवा. स्कूटरच्या डिकीत दुपारपर्यंत उकडली की जंतू वाढतात, आणि रिपोर्ट तुमचा न राहता डिकीचा होतो.

आणखी एक. लघवीत साखर नाही म्हणजे डायबेटिस नाही, असं नव्हे. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की मगच मूत्रपिंड ती लघवीत सोडतं. म्हणून रक्त तपासा. प्रथिनं, पू, रक्तपेशी यांचं सगळं रिपोर्टात असतं, ते डॉक्टरांना विचारा, व्हॉट्सअॅपवरच्या भाच्याला नको.

हां, काकूंचं राहिलं. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी त्या लॅबवर आल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तर म्हणाल्या, "ती बाटली टाकली नाहीस ना रे? झाकण चांगलं घट्ट बसतं तिचं."