खुपणाऱ्या स्वरांचा वॉल्ट्झ

नमस्कार, श्रोतेहो. घरी पेटी असेल तर पांढरी सहा आणि तिला लागून असलेली काळी पाच एकाच वेळी दाबून पाहा. मधल्या सप्तकात पहिलीची आंदोलने सेकंदाला ४४० आणि दुसरीची सुमारे ४६६. ही दोन आंदोलने सेकंदाला २६ वेळा एकमेकांवर आदळतात आणि कानाला खरखर जाणवते. शिकाऊ वादकाकडून असे झाले, तर आपण त्याला बोट घसरले असे म्हणतो.

अमेरिकन पियानोवादक थेलोनियस मंक मात्र हेच जाणूनबुजून करत. पियानोवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, नसते; दोन पट्ट्यांच्या मधला स्वर तिथे मिळतच नाही. म्हणून मंक लगतच्या दोन पट्ट्या एकदम वाजवत आणि कधी त्यांतली एक सोडून देत, म्हणजे मधल्या, न वाजलेल्या स्वराचा भास होई. गायकाला जे गळ्याने सहज साधते, त्याची ही पियानोवरची युक्ती, असे मला वाटते.

डिसेंबर १९६७मध्ये त्यांनी कोलंबिया कंपनीसाठी जी रचना ध्वनिमुद्रित केली, तिचे नावच मुळी ‘अग्ली ब्यूटी’, म्हणजे कुरूप सौंदर्य. जॅझची नेहमीची चाल चार मात्रांची, आणि मंक यांच्या साऱ्या रचनांमध्ये तीन मात्रांचा वॉल्ट्झ हा एवढाच. वॉल्ट्झ म्हटले की व्हिएन्नाच्या नृत्यगृहातली गिरकी डोळ्यांपुढे येते. इथे मात्र लय इतकी सबुरीची आहे की प्रत्येक खुपणारा स्वर विरण्याआधी आपल्याला पुरता ऐकावा लागतो. द्रुत लयीत तो निसटून गेला असता, इथे निसटत नाही.

आपल्याला हे अगदीच परके नाही. विवादी, म्हणजे रागात न बसणारा स्वर, त्या रागाचा शत्रू म्हटला जातो, तरी जाणता गायक तो चोरून लावतोच. बिहागातला तीव्र मध्यम असाच विवादी म्हणून आला आणि आता त्या रागाच्या घरचा होऊन बसला आहे. फरक इतकाच, की आपल्याकडे तो स्वर षड्जाच्या साक्षीने एकटा येतो, तर मंक यांच्याकडे शेजाऱ्याला सोबत घेऊन.

आता ही रचना लावाल तेव्हा चार्ली राऊझ यांच्या सॅक्सोफोनवरून, त्याचा मोह पडला तरी, लक्ष थोडे काढून घ्या आणि त्यामागे पियानो कुठे वाजतो, कुठे गप्प राहतो, तेवढे ऐका.