वारा कुठून आहे ते आधी बघा: ला मांचाच्या माळावरची सायकल

नमस्कार मंडळी. विषय स्पेनमधल्या पवनचक्क्या आणि सायकल असा दिलाय, पण मी सुरुवातीलाच सांगतो की नुसत्या पवनचक्क्या बघायच्या असतील तर सायकल लागत नाही, माद्रिदहून बस भरभरून लोक कोन्सुएग्रा या चक्क्यांच्या गावाला येतात, टेकडीवर वीस मिनिटं उभे राहतात, सेल्फी काढतात आणि संध्याकाळी परत हॉटेलात. काही वाईट नाही त्यात. पण त्या चक्क्या तिथेच का आहेत, एवढ्या उघड्या टेकडीवर, गावाबाहेर, पीठ दळायला कुणी एवढं वर का चढेल, हे कळायला माळ तुडवावा लागतो आणि तो सायकलवर तुडवला तर सगळ्यात लवकर कळतं, कारण तुम्हाला पण वाराच ढकलतो नाहीतर वाराच अडवतो.

तर ला मांचा म्हणजे माद्रिदच्या दक्षिणेचं पठार. समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे-सातशे मीटर उंच, तोलेदो, सिउदाद रेआल, क्वेन्का, आल्बासेते अशा चार प्रांतांत पसरलेलं. नद्या आहेत, सिग्वेला, थांकारा वगैरे, पण उन्हाळ्यात त्या जवळपास आटतात. आता विचार करा, गहू पिकतो जूनमध्ये, दळायचा मोसम तोच आणि पाणचक्की चालवायला नदीत पाणी नाही. म्हणून सोळाव्या शतकात तिथल्या लोकांनी टेकड्यांवर वाऱ्याच्या चक्क्या उभ्या केल्या. सर्व्हान्तेसची ‘दॉन किहोते’ ही प्रसिद्ध कादंबरी 1605 ची, म्हणजे त्यात तो दॉन किहोते नावाचा सरदार ज्या चक्क्यांना राक्षस समजून भाला घेऊन धावतो त्या तेव्हा तशा नवीनच होत्या! आपल्याला त्या जुन्यापुराण्या दिसतात म्हणून तो किस्सा आपण वेगळा वाचतो, त्या काळच्या माणसाला ते नवं यंत्र होतं.

काम्पो दे क्रिप्ताना नावाच्या गावात आज दहा चक्क्या आहेत. त्यातल्या तीन, इन्फान्तो, बुर्लेता आणि सार्दिनेरो, मूळच्या सोळाव्या शतकातल्या आहेत आणि आतली लाकडी यंत्रणा शाबूत आहे. एरवी महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिथे खरंच दळून दाखवतात, अर्थात वारा असेल तर, आणि जायच्या आधी चौकशी करून जा. आत शिरलात की तीन मजले. खाली पोती आणि जनावरं, मधल्या मजल्यावर पीठ चाळायचं काम, आणि सगळ्यात वर जातं. वर एक मोठं दातेरी लाकडी चाक उभं असतं, ते पात्यांच्या आसाबरोबर फिरतं, त्याचे दात एका उभ्या पिंजऱ्यासारख्या चक्रीत अडकतात आणि ती चक्री वरची तळी फिरवते. बास, एवढंच आहे. सायकलची चेन आणि गिअर समजणाऱ्या माणसाला दोन मिनिटांत कळतं.

पण मला स्वतःला सगळ्यात भारी वाटल्या त्या खिडक्या. वरच्या मजल्यावर भिंतीत गोल फेरीने छोट्या छोट्या बारा खिडक्या असतात. उजेडासाठी नाहीत हं त्या, उजेड जेमतेम येतो. चक्कीवाला एकेका खिडकीशी जाऊन बघायचा की वारा कुठून येतोय, कारण प्रत्येक खिडकी म्हणजे एक वारा, आणि प्रत्येक वाऱ्याला नाव. उगवतीकडून येणारा सोलानो, नैर्ऋत्येचा पाऊस घेऊन येणारा आब्रेगो, उत्तरेचा सिएर्सो, तोलेदोच्या बाजूचा तोलेदानो, आणि एक थंडीतला, त्याचं नाव माताकाब्रास, शेळ्या मारणारा. वारा बदलला की खाली उतरायचं, चक्कीच्या मागच्या बाजूला एक लांबलचक तुळई छपरापासून जमिनीपर्यंत आलेली असते ती ओढून अख्खं लाकडी टोपीवजा छप्पर पात्यांसकट फिरवायचं, जमिनीत रोवलेल्या दगडी खुंटांना बांधायचं, पात्यांवर कापड ताणायचं, वारा फार झाला तर तेच कापड गुंडाळायचं, आणि हे सगळं दिवसातून कितीही वेळा. मजुरी पैशात नाही, दळणातलाच एक वाटा ठेवून घ्यायचा.

आता सायकलवाल्यांनो, हेच तुमचं काम आहे. लोक मला विचारतात रूट सांगा, जीपीएस फाईल पाठवा. पाठवतो ना. पण फाईल एकाच दिशेची असते आणि त्या माळावर दिशा फाईल ठरवत नाही. सपाट आहे म्हणून सोपं असेल असं ज्याला वाटतं त्याने एकदा समोरून वारा असताना दुपारी क्रिप्तानाकडे यावं. चढ असला की कधीतरी उतार येतो, वाऱ्याला उतार नसतो. त्यात आडोसा कसला, तर द्राक्षाचे वेल, ते तिथे बुटकेच असतात, गुडघ्याएवढे, झाड म्हणावं असं मैलभर काही नाही. आणि गाव दिसत असतं, चर्चचा मनोरा दहा किलोमीटरवरून दिसतो, तुम्ही तासभर पेडल मारता आणि तो होता तेवढाच दिसतो. म्हणून माझं म्हणणं असं की सकाळी आठच्या आत निघा, वारा बहुतेक वेळा दुपारकडे उठतो, आणि आदल्या रात्री हवामानाच्या ॲपवर वाऱ्याची दिशा बघून ठरवा की वर्तुळ डावीकडून करायचं की उजवीकडून. चक्कीवाला छप्पर फिरवायचा, आपण रूट फिरवायचा.

आता शांततेबद्दल, कारण हा प्रश्न मला मेलवर पण आला होता की रस्ते खरंच रिकामे असतात का. असतात, आणि त्याला कारणं आहेत. एक म्हणजे स्पेनमध्ये मेंढ्यांचे रस्ते आहेत. मेंढपाळ हिवाळ्यात दक्षिणेला आणि उन्हाळ्यात उत्तरेला कळप घेऊन जायचे, त्यांच्या संघटनेला, मेस्ताला, दहाव्या आल्फोन्सो राजाने 1273 मध्ये अधिकार दिले. त्यातले मोठे रस्ते, कान्यादा म्हणतात त्यांना, नियमाने 90 वारा रुंद. वारा म्हणजे तिथलं जुनं माप, आपला वारा नव्हे, एकूण 75 मीटरच्या वर भरतं. विचार करा, मेंढ्यांसाठी 75 मीटर रुंद रस्ता. हे आजही सार्वजनिक मालकीचे आहेत, 1995 च्या कायद्यात त्यांच्यावर चालायला, घोड्यावरून आणि सायकलने जायला परवानगी आहे. बरेच ठिकाणी नांगरून खाल्लेत शेतकऱ्यांनी, ते सगळीकडेच होतं. दुसरं म्हणजे शेतरस्ते, पांढऱ्या खडीचे किंवा लाल मातीचे, ज्यांच्यावर ट्रॅक्टरशिवाय कोणी येत नाही. आणि 2005 मध्ये कादंबरीला 400 वर्षं झाली तेव्हा प्रादेशिक सरकारने हे असलेच रस्ते जोडून साधारण अडीच हजार किलोमीटरचा दॉन किहोते मार्ग आखला. पाट्या लावल्या, विसाव्याच्या जागा केल्या. आता काही पाट्या पडल्यात, त्यामुळे त्यांच्या भरवशावर राहू नका, पण रस्ते आहेत.

तिसरा प्रकार जुन्या रेल्वेचा, व्हिया व्हेर्दे. 1993 पासून बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर चालायचे-सायकलचे रस्ते करायचं काम तिथे चालू आहे. पश्चिमेला तोलेदो प्रांतातच हारा नावाचा आहे, 52 किलोमीटर, बोगदे आहेत, पूल आहेत, स्टेशनं आहेत, आणि गंमत म्हणजे त्याच्यावरून रेल्वे कधी नियमित धावलीच नाही! बांधून ठेवली आणि सोडून दिली. चक्क्यांच्या भागापासून तो लांब आहे, पण दोन दिवस जास्तीचे असतील तर जा, टॉर्च मात्र न्या.

बरं, प्रत्यक्ष कुठून कुठे. आल्काथार दे सान हुआनला उतरा, रेल्वेचं मोठं जंक्शन आहे, माद्रिदच्या आतोचा स्टेशनवरून साध्या गाडीने दीड तासाच्या आसपास, आणि साध्या गाड्यांत सायकल नेता येते. हायस्पीडमध्ये नुसती सायकल घेऊन चढू देत नाहीत, तिला खोलून बॅगेत घालावी लागते, तो उद्योग नकोच. गावाबाहेर टेकडीवर चार चक्क्या आहेत, तिथून क्रिप्ताना आठ-नऊ किलोमीटर. क्रिप्तानाच्या वरच्या आळीत घरं चुन्याने पांढरी आणि खालचा पट्टा निळीचा, तिथे चढ जरा अंगावर येतो. मग ईशान्येला एल तोबोसो, दुल्सिनेआचं, म्हणजे कादंबरीतल्या दॉन किहोतेच्या प्रेयसीचं गाव, तिथून मोता देल कुएर्व्हो. मोताला सात चक्क्या आहेत आणि त्यातल्या एकीला डावखुरी म्हणतात कारण तिची पाती बाकीच्यांच्या उलट फिरतात. पुढे बेल्मोंतेचा किल्ला. हा सगळा तुकडा मला कोन्सुएग्रापेक्षा जास्त आवडतो, स्पष्टच सांगतो, जरी कोन्सुएग्राला बारा चक्क्या आणि शेजारी किल्ला असा फोटो आहे. कोन्सुएग्राला जायचंच असेल तर ऑक्टोबरच्या शेवटी जा, तेव्हा केशराची फुलं येतात आणि त्यांचा उत्सव असतो.

कधी जायचं? एप्रिल-मे, नाहीतर सप्टेंबर शेवट ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्ट नाही म्हणजे नाही, पारा चाळीसला जातो आणि वाटेत सावली नाही, दोन गावांमध्ये पंधरा-वीस किलोमीटर पाणीही नाही. दुपारी दोन ते पाच दुकानं बंद, म्हणजे तुम्ही तहानलेले पोचलात तर बारच उघडा असतो. पाऊस पडून गेला असेल तर लाल मातीच्या रस्त्यावर शिरू नका, काळ्या रानात पावसाळ्यात सायकल घातलेल्यांना पुढचं सांगायला नको, चाक फ्रेमला घट्ट बसतं. अशा वेळी गुपचूप डांबरी धरा. तिथे गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे, आणि गाडीवाल्याने ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर सोडायचं असा नियम आहे आणि बहुतेक जण सोडतात. इथे हसू नका कोणी.

खायचं म्हणाल तर मांचेगो चीज आहेच, पण गाचास खा. आपल्या विदर्भातली लाखोळी डाळ, तिच्याच पिठाचं ते पिठल्यासारखं घट्ट प्रकरण, लसूण, पाप्रिका आणि वरून डुकराचं मांस. शाकाहारी लोकांनी आधी विचारून घ्या. आपल्याकडे लाखोळीवर बंदी होती तशी तिथेही 1967 पासून माणसांनी खायला बंदी होती, कारण तेच, दुष्काळात रोज तीच खाल्ली की पाय जातात. 2018 मध्ये ती उठवली. अर्थात मधल्या पन्नास वर्षांत तिथल्या आजीबाईंनी काय चुलीवरून उतरवली नव्हती ती.

पक्ष्यांसाठी कोणी जात असेल तर, नान्नजला माळढोक शोधत उन्हात बसलेले इथे आहेत ना दोन-तीन जण? त्याचा युरोपातला मोठा भाऊबंद, आवुतार्दा, या गव्हाच्या माळावर अजून आहे, आणि एप्रिलमध्ये नर पिसं उलटी करून पांढरा गोळा होऊन नाचतो. सायकल थांबवा पण रस्त्यावरूनच बघा, शेतात शिरू नका. आणि हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी शिकारी असतात, काळ्या-पांढऱ्या छोट्या पाट्या दिसल्या की तो शिकारीचा भाग. तिथे चमकदार जॅकेट घाला, आवाज करत जा.

पंक्चरचं विचारलंत ना मघाशी? सराटा. हो, आपलाच सराटा, तीच वनस्पती, तिथेही रस्त्याच्या कडेला पसरलेली असते, उन्हाळ्याच्या शेवटी काटे पिकतात. ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, दुसरा इलाज नाही. काटा दिसला तर उपटू नका, तसंच गावापर्यंत चालवा, उपटलात तर हवा जाऊ शकते.