तोच बोल्ट, तिसऱ्यांदा

(जवळून : चिंधीवर ठेवलेला तुटका बोल्ट)

फोर्कलिफ्टच्या मागच्या ॲक्सलचा, उजवीकडचा बोल्ट. तिसऱ्यांदा तुटलाय. दर वेळी नवा बसवला, पाना मारला, गाडी कामाला लागली.

या वेळी तुकडा भंगारात टाकायच्या आधी उजेडात धरू. एका कडेपासून बारीक, गुळगुळीत वळ्या निघाल्यात, ओहोटीनंतर वाळूवर उमटतात तशा. पलीकडे नखाएवढा भाग खडबडीत. म्हणजे हा एका झटक्यात तुटलेला नाही. आट्याच्या खाचेत तडा गेला, दर हिसक्याला केसभर सरकत राहिला, आणि उरलेल्या चिमूटभर लोखंडाने शेवटी हात टेकले. तो खडबडीत भाग जितका लहान, तितका शेवटचा भार कमी. जादा वजन उचललं म्हणून चालकाला जी बोलणी बसली, ती परत घ्यायला हवीत.

तसंही, माल उचलला की वजन पुढच्या चाकांवर जातं. मागच्या ॲक्सलला खरा मार बसतो रिकामी गाडी पळवताना. टायर भरीव, सस्पेन्शन नाही. जमिनीतला प्रत्येक सांधा थेट बोल्टपर्यंत पोचतो.

(दृश्य : टेबलावर दोन नवे बोल्ट, डोक्यांवर १०.९ आणि १२.९)

मग १२.९ चा, म्हणजे जास्त ताकदीचा घालू? हे सगळ्यांनाच सुचतं. पण दुखणं ताकदीचं नाही. आवळलेला बोल्ट म्हणजे ताणलेली स्प्रिंग. दोन भाग तो इतके घट्ट धरतो, की हिसक्याचा थोडाच वाटा त्याच्या अंगावर येतो. पकड सुटली, की सगळा मार त्याच्यावर.

पकड कुठे गेली, ते ॲक्सलचा ठोकळा उतरवल्यावर कळतं. बसायच्या जागी रंगाचा जाड थर, मध्ये तांबूस पूड. लोखंड लोखंडावर घासत होतं. एवढा आखूड बोल्ट आवळताना लांबतो तो मिलिमीटरच्या एखाद-दोन दशांशांनी. रंग तेवढाच दबला, की ताण संपला. त्यात आटे गंजलेले. पान्याचा बराचसा जोर तसाही घर्षणातच जातो. इथे ताणापर्यंत काय पोचणार?

रंग खरवडला, आटे साफ केले, बोल्ट सगळेच बदलले. शाबूत दिसणाऱ्यांनीही तेवढाच मार खाल्लाय. मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराइतकंच आवळायचा पाना) लावला, बोल्ट फिरला तर दिसावं म्हणून डोक्यावरून ठोकळ्यापर्यंत पांढरी रेघ ओढली.

काही पाळ्यांनंतर रेघ जागच्या जागी आहे. तरी रेंच पुन्हा लागतो, कारण पकड बोल्ट न फिरताही जाते.