पऱ्हाटीतलं लिग्निन

जानेवारीत जळगाव जिल्ह्यात कुठल्याही रस्त्याने निघा, वेचण्या संपलेल्या असतात आणि बांधाबांधावर पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचे, ढीग दिसतात. कापूस जिनिंगला गेला, त्याचा पैसा झाला, मागे राहिलेल्या पऱ्हाटीकडे कोण बघतंय? आज आपण तिच्याकडेच बघणार आहोत, म्हणजे तिला टणक करणाऱ्या लिग्निन नावाच्या द्रव्याकडे.

झाड एकच, पण बोंडातला कापूस म्हणजे ९० टक्क्यांच्या वर निव्वळ सेल्युलोज, त्यात लिग्निन जवळजवळ नाहीच, आणि त्याच झाडाची काडी मात्र इतकी टणक की वाळली की हाताला टोचते, कारण तिच्यात साधारण पाचवा ते चौथा हिस्सा लिग्निन असतं. जुन्या घराचा कुड आठवा, पऱ्हाट्या उभ्या बांधायच्या आणि वरून शेणमाती लिंपून सगळ्या फटी बुजवायच्या. वनस्पतीच्या पेशीची भिंत तशीच, सेल्युलोजचे धागे आणि त्यांच्या मधे भरलेलं लिग्निन. शिवाय ते पाणी जिरू देत नाही, त्यामुळे मुळापासून शेंड्यापर्यंत पाणी नेणाऱ्या बारीक नळ्या पाणी वर खेचलं जाताना आत दबत नाहीत, ताठ राहतात. सातपुड्यातला साग एवढा उंच उभा राहतो तो याच जोरावर.

उलट केस बघायची तर रावेर-यावलला चला. केळीचं खोड हे खरं खोड नाहीच, पानांच्या देठांचे पदर एकावर एक गुंडाळलेले, लाकूड म्हणावं असं त्यात काही नाही, म्हणून मे-जूनचं वादळ आलं की उभ्या बागा आडव्या होतात आणि शेतकऱ्याचं वर्ष जातं.

आता भरीत. शेतात भरीत पार्टी असली की वांगी गॅसवर नाही भाजत, काड्या पेटवून त्या जाळावर भाजतात, आणि ती चव घरच्या शेगडीवर कितीही केलं तरी येत नाही. का येत नाही, तर लिग्निन तापून तुटलं की त्यातून ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल नावाची द्रव्यं धुरात येतात, आपण ज्याला धुराचा खमंग वास म्हणतो तो बराचसा यांचाच. मला तर खान्देशी भरताचा अर्धा मसाला काडीतच असतो असं वाटतं.

आइस्क्रीममधल्या व्हॅनिला वासाचं मुख्य द्रव्य व्हॅनिलिन, तेही लिग्निनपासून काढता येतं, नॉर्वेत स्प्रूसच्या लाकडापासून आजही काढतात. सिमेंट-काँक्रीटमधे कमी पाण्यात माल सैल राहावा म्हणून जे ॲडमिक्स्चर टाकतात त्यातही लिग्निनपासून केलेलं लिग्नोसल्फोनेट वापरतात. पेपर मिलला मात्र लिग्निन नको असतं. पांढरा टिकाऊ कागद करायचा तर लगद्यातून ते काढावं लागतं, आणि वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदात ते राहून जातं म्हणून उन्हात तो पिवळा पडतो. काढलेलं लिग्निन काळ्या द्रावणात जातं आणि बहुतेक मिल ते बॉयलरमधे जाळून स्वतःची वाफ अन् वीज करतात.

मग आपल्या पऱ्हाटीचं काय करायचं? बांधावर रचून ठेवली तर उरलेल्या कैऱ्यांमधे, म्हणजे न फुटलेल्या बोंडांमधे, गुलाबी बोंडअळी दडून बसते, पेटवली तर नुसती राख. भुगा करून मशीनमधे जोरात दाबला तर त्या उष्णतेने लिग्निन मऊ होतं आणि तेच डिंकासारखं भुसा धरून ठेवतं, वेगळा चिकटवणारा माल न घालता ब्रिकेट तयार, यालाच आपल्याकडे व्हाईट कोल म्हणतात. मुंबईच्या सिरकॉट या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करायचं तंत्रही दिलंय. यातलं काहीच जवळ नसेल तर श्रेडर, म्हणजे बारीक तुकडे करणारं यंत्र, फिरवून शेतातच गाडा. कुजायला वेळ लागतो, लिग्निन तोडणं सोपं काम नाही, ते काम मुख्यतः बुरशीचं, आपण खातो ती धिंगरी अळिंबी त्याच जातकुळीतली. पण हळू कुजतं म्हणूनच त्याचा ह्युमस, म्हणजे कुजून झालेला सेंद्रिय भाग, जमिनीत जास्त दिवस टिकतो, आणि दरवर्षी कपाशी घेऊन दमलेल्या काळ्या जमिनीला तोच हवाय.