दारापासून दोन पावलं मागे

नमस्कार श्रोतेहो.

बेल वाजते, आपण दार उघडतो, तर समोर पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी नावपट्टी लावलेली दोन तरुण पोरं उभी. परदेशात राहिलेल्या अनेकांना हे चित्र ओळखीचं असेल. हे मॉर्मन मिशनरी, म्हणजे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे धर्मप्रचारक. आपण "नको" म्हणून दार लावून घेतो आणि विसरून जातो. मीही तेच करत असे. पण नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं अमेरिकेत, युटा राज्यातल्या प्रोव्हो गावी राहिलो, आणि शेजारच्या घरातली दोन मुलं एकामागून एक अशीच दारं ठोठवायला गेली. त्यानंतर मला दार लावणं जमलं नाही.

त्यांच्या चर्चचं खरं नाव 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. 1830 साली स्थापन झालेलं. मुलगे अठराव्या वर्षापासून प्रचाराला जाऊ शकतात, दोन वर्षांसाठी. मुली दीड वर्षासाठी. कुठे जायचं हे स्वतः निवडता येत नाही. अर्ज करायचा आणि वाट बघायची. पगार तर नाहीच, उलट खर्च मुलाने आणि घरच्यांनी सोसायचा. शेजारचे महिन्याला 500 डॉलर भरत. मूल महागड्या देशात गेलं काय आणि स्वस्त देशात गेलं काय, अमेरिकेतल्या सगळ्या घरांना रक्कम सारखीच. धाकट्याने शाळेत असताना उन्हाळाभर लोकांची हिरवळ कापून पैसे साठवले होते, ते सगळे यात गेले.

धाकट्याला तैवान मिळालं. आधी प्रोव्होतल्याच प्रशिक्षण केंद्रात काही आठवडे चिनी भाषा. घर एवढं जवळ, पण घरी यायची मुभा नाही. मग थेट विमान.

तिकडचा दिवस पहाटे साडेसहाला सुरू. प्रार्थना, व्यायाम, नाश्ता, मग धर्मग्रंथाचा आणि भाषेचा अभ्यास. त्यानंतर हेल्मेट चढवून सायकलवर बाहेर. कुणाला भेटायचं ठरलेलं असतं, कुणी ऐन वेळी येत नाही, मग रस्त्यावर, सिग्नलला स्कूटर थांबली की तेवढ्यात दोन शब्द. आठवड्यातून एका संध्याकाळी चर्चमध्ये फुकट इंग्रजीचा वर्ग, त्याला मात्र गर्दी. रात्री साडेदहाला दिवा बंद. सिनेमा नाही, मैत्रीण नाही, आणि एकटं कुठेही जायचं नाही. सोबतीला कायम एक जोडीदार. पहिल्या नावाने हाक नाही. आडनावाआधी 'एल्डर', मुलींना 'सिस्टर'. ऑफिसात आपण "अहो कुलकर्णी" म्हणतो, तसं. दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी लागते. कधी गाव बदलतं, कधी जोडीदार. ज्याच्याशी मुळीच पटत नाही, अशा माणसाबरोबर चोवीस तास काढायचे, हे त्याला लोकांच्या नकारापेक्षा जड गेलं, असं त्याची आई म्हणायची. संसारात पडल्यावर जे आपण शिकतो, ते ही पोरं एकोणिसाव्या वर्षी शिकत होती.

भाषेचं सांगते. चिनीत एकच अक्षर सूर बदलला की अर्थ बदलतं. 'वन' हा उच्चार सूर खाली आणून केला तर 'विचारणे'; तोच सूर आधी दाबून मग वर नेला तर 'मुका घेणे'. पहिल्याच महिन्यात एका आजीबाईंना "तुम्हाला एक गोष्ट विचारू का" असं विचारताना सूर चुकला. आजी इतक्या हसल्या की भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या. मग त्याच्याकडून दहा वेळा तो सूर घोटून घेतला आणि पेरू हातात देऊन वाटेला लावलं. धर्माबद्दल एक शब्द ऐकला नाही. हे सांगताना त्याचा आवाज आनंदाने भरून आला होता.

आणि चहा! तैवानात घरी आलेल्याला चहा विचारल्याशिवाय सोडत नाहीत, अगदी आपल्यासारखं. आणि या मंडळींना चहा-कॉफी वर्ज्य, दारू-तंबाखूसारखीच. कुणी प्रेमाने पेला पुढे करावा आणि आपण हात जोडावे, यजमानाचा चेहरा पडलेला बघावा, आणि हे रोज. मी ज्या घरात वाढले तिथे चहा नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं. त्याने त्यावर एक रीत काढली होती: चहा नको म्हणताक्षणीच स्वतःहून गरम पाणी मागायचं. म्हणजे यजमानाला काहीतरी देता येतं.

थोरल्याच्या वेळी आईला मुलाचा आवाज वर्षातून दोनदाच कानावर पडायचा, नाताळला आणि मातृदिनाला. बाकी आठवड्याला ईमेल. 2019 च्या फेब्रुवारीत नियम बदलला आणि दर आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी घरी फोन करायची परवानगी मिळाली. धाकट्याची सुट्टी सोमवारी. कपडे धुणं, बाजारहाट, केस कापणं, सगळं त्याच दिवशी. तैवानची सोमवार सकाळ म्हणजे प्रोव्होची रविवार संध्याकाळ. त्या वेळी आमच्या शेजारणीच्या घरात कुणी टीव्ही लावायचं नाही. मी एकदा भाकरी द्यायला गेले, तर ती फोन हातात धरून नुसती बघत होती. पलीकडे मुलगा दोरीवर शर्ट वाळत घालत होता. दोघंही बोलत नव्हती.

मी पुण्याची हे कळल्यावर तिच्या नवऱ्याने मला ह्यू फिंडले या त्यांच्या स्कॉटिश मिशनऱ्याबद्दल सांगितलं. तो 1852 मध्ये मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यातही आला. दूर देशच्या माणसाने आमच्या गावात दारं ठोठावली होती, आणि मला पत्ता नव्हता.

श्रोतेहो, धर्म बदलायला सांगणं मला पटत नाही, आजही नाही. शेजारणीला मी ते सांगितलं होतं, आणि तिने ते शांतपणे ऐकून घेतलं. पण हे न पटणं एका बाजूला, आणि दिवसभर "नको, नको" ऐकून दुसऱ्या दिवशी साडेसहाला उठणारं पोर दुसऱ्या बाजूला. त्या पोराबद्दल माझ्या मनात माया आहे.

दोन वर्षांनी तो परतला. विमानतळावर फुगे, फलक, रडारड. त्याच संध्याकाळी चर्चच्या स्थानिक प्रमुखांनी त्याला सेवेतून मोकळं केलं आणि छातीवरची पट्टी निघाली.

दुसऱ्या दिवशी आमची बेल वाजली. मी काचेतून पाहिलं. साध्या टी-शर्टमध्ये तोच. बेल वाजवून सवयीने दोन पावलं मागे सरला होता, म्हणजे दार उघडणाऱ्याला दडपण येऊ नये. आणि उभा होता पायरीच्या एका कडेला. शेजारी आणखी एक माणूस मावेल एवढी जागा त्याने मोकळी सोडली होती.

मी दार उघडलं आणि कोकम सरबत करायला आत वळले.